उन्हाचा सातबारा

जमिनीचा सातबारा असतो, घराचं प्रॉपर्टी कार्ड असतं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. एका आंब्याच्या झाडाची फांदीवार वाटणी करून घेतलेले दोन सख्खे भाऊही मी भूमी अभिलेख खात्यातल्या नोकरीत पाहिले आहेत. फक्त ऊन तेवढं कुणाच्या नावावर नव्हतं. ते पडायचं आणि जायचं. त्याची मोजणी नव्हती, त्याला हद्द नव्हती आणि त्यावर कुणी हरकत घेत नव्हतं. घरांच्या गच्च्यांवर सोलर पॅनल आले आणि ही शेवटची बेवारस मालमत्ताही खात्यावर चढली.

उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही. तेव्हा ऊन इतकं असतं की कुणाचं कुणी खाल्लं याचा हिशेब ठेवायला कुणाला सवड नसते. पावसाळ्यात ऊनच नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमचे पॅनल जे काही करतात त्याला उत्पादन म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. खरे तंटे उभे राहतात दिवाळीनंतर. नाशिकला थंडी पडते, निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो, द्राक्षवाले रात्री बागांतून शेकोट्या पेटवतात आणि घरोघरची माणसं ऊन खायला गच्चीवर चढतात. वर गेल्यावर त्यांना दिसतं की तिथे आधीच सहा जण दक्षिणेकडे तोंड करून ऊन खात बसले आहेत.

हे सहा जण प्रत्येकी साडेपाचशे वॉटच्या आसपासचे; सगळे मिळून तीन किलोवॉटला थोडे वर. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना आणली आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठेवलं. आमच्या कॉलनीत सूर्याविषयी अचानक जी भक्ती उत्पन्न झाली तिचा उगम या आकड्यात आहे. त्याआधी सूर्यनमस्कारांच्या वर्गाला चार माणसं जमवताना मारामार होती.

गच्ची हे तोवर आमच्या घराचं गायरान होतं. कुणीही यावं, काहीही पसरावं. हिवाळ्यात तिथे गाद्या पडत, ट्रंकेतले स्वेटर डांबराच्या गोळ्यांचा वास घालवायला येत, आवळासुपारीची ताटं मांडली जात, आई तिची वेताची खुर्ची घेऊन अकरा ते एक बसे, आणि घरात तान्हं मूल असलं तर त्याची तेल लावून उन्हात परेड होई. आता गायरानावर पक्कं बांधकाम झालं आहे. त्याचे खांब लोखंडी आहेत, आणि त्याच्या दक्षिणेला सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात काहीही उभं करायचं नाही असा माझ्या मुलाचा हुकूम आहे. काहीही म्हणजे काहीही. एकदा आईने काठीवर गोधडी टाकली, तर तो ऑफिसातून फोन करून म्हणाला, "आजी, आत्ता ग्राफ का पडला?" ती म्हणाली, "मला काय माहीत, मी तर इथेच बसलेय." गोधडी हा वॉटचा प्रश्न आहे हे तिला अजून मान्य नाही. तिचं म्हणणं असं की सूर्य सगळ्यांचा आहे आणि गोधडी दमट आहे.

यात सूर्याचा काही दोष नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भरदुपारी तो नाशिकच्या आकाशात क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशांच्या आसपास असतो. डोक्यावर यायच्या निम्म्या वाटेवर पोचतो आणि तिथूनच उतरायला लागतो. भरदुपारही इथे बाराला होत नाही. घड्याळ सगळ्या देशाचं एक, आणि आपण पश्चिमेला. त्यामुळे नाशिकचा सूर्य तेव्हा साडेबारानंतरच शिखर गाठतो. गंमत अशी की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते तीही याच दिवसांत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा अंतर असतं सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला तेच १५ कोटी २१ लाख. सगळ्यात जवळ असताना सगळ्यात तिरका! नात्यागोत्यात आयुष्य काढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

एवढं असूनही आमच्याकडे हिवाळा हा नापिकीचा हंगाम नाही. पॅनल दक्षिणेकडे थोडे कललेले असतात, त्यामुळे तिरकं ऊन त्यांच्यावर बऱ्यापैकी सरळ पडतं. शिवाय थंडी त्यांना मानवते. पॅनलची क्षमता ठरवतात ती आतल्या सेलचं तापमान २५ अंश धरून. त्यापुढच्या दर अंशाला सिलिकॉनचा पॅनल साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतो. मे महिन्यात तो साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो, म्हणजे दहा-पंधरा टक्के वीज नुसत्या घामात जाते. त्याला ऊन हवं असतं, उकाडा नको असतो. डिसेंबरात मुंबईहून राहायला येणाऱ्या आमच्या मेव्हण्यांची अटही हीच असते, पण ते वीज देत नाहीत. आभाळ स्वच्छ असलं तर थंडीतही आमचा संच दिवसाला अकरा-बारा युनिट काढतो. खात्याच्या भाषेत सांगायचं तर पावसाळ्यात पड, हिवाळ्यात रब्बी.

खरा दुष्काळ बघायचा असेल तर माझ्या भाच्याला विचारा. तो म्युनिकला असतो. जर्मनीत फ्लॅटच्या कठड्याला पॅनल टांगून त्याची वायर सरळ घरातल्या सॉकेटात खुपसता येते. २०२४ पासून अशा संचाच्या इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॉट केली आहे. डिसेंबरअखेर तिथला सूर्य दुपारीसुद्धा अठरा-एकोणीस अंशांच्या वर जात नाही. समोरची इमारत चार मजली असली तर तो दिसला काय आणि नाही काय. वर बर्फ पडतं. परवा व्हिडिओ कॉलवर तो इतक्या आनंदाने म्हणाला, "मामा, काल अर्धं युनिट झालं!" की मला आधी वाटलं नोकरीत बढती मिळाली. आमचा आकडा मी त्याला सांगितला नाही. परदेशातल्या माणसाला उगाच घरची आठवण करून देऊ नये.

आमचा तंटा उन्हाच्या टंचाईचा नव्हेच, तो हद्दीचा आहे. सूर्य तिरका झाला की सावल्या लांबतात आणि लांबलेली सावली कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबत नाही. डिसेंबरात सकाळी नऊला कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ अडीचपट असते. आमच्या दक्षिणेला अण्णांचा बंगला आहे. अण्णा जुने शेजारी. एकमेकांच्या घरची विरजणं नेण्याइतका घरोबा. दिवाळीत त्यांच्याकडे एक वास्तुतज्ज्ञ येऊन गेले. नैर्ऋत्य कोपरा जड हवा आणि उंच हवा, असं त्यांनी सांगितलं. अण्णांनी पंधरवड्याच्या आत पाण्याची टाकी चांगल्या चार फुटी चौथऱ्यावर चढवली. त्याने त्यांच्या घरात लक्ष्मी आली असेल. पण ती आमच्या गच्चीवरून गेली, हे दुपारी तीननंतर मोबाइलवर स्पष्ट दिसायला लागलं.

आमच्या खात्यात याला बांध कोरणं म्हणतात. नांगरताना दरवर्षी वीतभर पलीकडे सरकायचं आणि विचारलं तर बैलाचं नाव सांगायचं. अण्णांनी बैलाच्या जागी वास्तुशास्त्राचं नाव सांगितलं एवढाच फरक. मी मोजणी करून नकाशा काढला. टाकीची उंची, चौथऱ्याची उंची, अंतर, सूर्याचा कोन, सगळं पेन्सिलीने मांडलं, अतिक्रमण लाल शाईने रंगवलं आणि अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर अजून छान आहे हो तुमचं."

मग कॉलनीतल्या वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा आहे. इमारतीला येणारा उजेड वीस वर्षं शांतपणे आणि विनाअडथळा उपभोगला तर त्यावर हक्क शाबीत होतो. मी विचारलं, पॅनलवरच्या उन्हाला तो लागू होईल का? ते म्हणाले, "दावा तर लावू." आता पॅनलच्या वीज देण्याची हमी असते पंचवीस वर्षांची. म्हणजे वीस वर्षं उपभोगून हक्क मिळवायचा, आणि तो उरलेल्या पाच वर्षांत कोर्टात शाबीत करायचा. दिवाणी दावे किती चालतात ते मला खात्यामुळे माहीत आहे. आजोबांनी लावलेल्या दाव्याच्या तारखेला नातू जावयाला घेऊन आलेला मी पाहिला आहे. म्हणून म्हटलं, राहू द्या. शिवाय फेब्रुवारी लागला की सूर्य वर चढतो आणि टाकीची सावली आपण होऊन मागे हटते. आपलं आपण उठून जाणारं अतिक्रमण मी अख्ख्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

सावली म्हणजे काय, तेवढ्या तुकड्यापुरतं नुकसान, असं कुणाला वाटेल. तो शेतीचा हिशेब झाला. पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पॅनलही एकमेकांना तसेच जोडलेले. त्यातला एक सावलीत गेला की मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट अडवतो. म्हणून पॅनलच्या पाठीमागच्या डबीत बायपास डायोड घालतात, बहुतेक वेळा तीन. सावलीतला भाग ते बाजूला टाकतात आणि बाकीच्यांचा प्रवाह पुढे जातो. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे आम्ही 'पोटखराबा' लिहीत असू: मालकी आहे, पीक नाही. आमच्या गच्चीवर दुपारी तीननंतरचा पोटखराबा अण्णांच्या टाकीचा, सकाळचा मांजराचा. थंडीत पॅनलची काच सकाळी दहापासून सुखद कोमट होते आणि कॉलनीतलं एक बोका-छाप पांढरं मांजर त्यावर अंग पसरून झोपतं. टाकीचा पोटखराबा निदान नकाशावर दाखवता येतो. हा कूस बदलतो.

या सगळ्याची नोंद मोबाइलमधल्या ॲपमध्ये होते आणि घराची शांतता गेली ती त्या ॲपमुळे. सकाळी सव्वासातच्या सुमारास इन्व्हर्टर जागा होतो, एक बारीक हिरवी रेघ उठते, साडेबाराला टेकाडावर पोचते आणि सहाच्या आत झोपते. हे टेकाड गुळगुळीत असलं तर माझ्या मुलाचा दिवस चांगला जातो. त्यात खळगा दिसला की चौकशी लागते. आमच्या जॉगिंग ट्रॅकवरही बदल झाला आहे. पूर्वी माणसं भेटली की थंडीविषयी बोलत, मग गुडघ्यांविषयी. आता "काल किती?" असं विचारतात. परवा एकाने "एकशे चाळीस" सांगितल्यावर आम्ही चौघे जागच्या जागी थांबलो. एवढे युनिट म्हणजे यांनी छपरावर काय धरण बांधलं की काय! नंतर कळलं की ती उपाशीपोटीची साखर होती. तेव्हा हायसं वाटलं. त्यांच्या साखरेबद्दल वाईट वाटायचं राहून गेलं, ते दुसऱ्या दिवशी वाटून घेतलं.

थंडीतलं सगळ्यात अवघड काम पॅनल पुसण्याचं. पाऊस असतो तोवर तो फुकट धुऊन देतो. ऑक्टोबर संपला की मे अखेरीपर्यंत तो येत नाही, आणि मध्ये दिवाळीच्या फटाक्यांची काजळी, रस्त्याची धूळ आणि चार घरं सोडून चाललेल्या बांधकामाचं सिमेंट यांचा थर साचतो. रात्री त्यावर दव पडतं. सकाळी ते वाळलं की धुळीची लापशी होऊन काचेला चिकटते. आता काच तापलेली असताना तिच्यावर गार पाणी मारायचं नाही, तडा जायची भीती असते. म्हणजे धुवायचं उन्हाआधी. डिसेंबरात नाशिकला उन्हाआधी म्हणजे काय, हे नाशिकबाहेरच्यांना सांगून पटत नाही. बोअरचं पाणी वापरायचं नाही, क्षारांचे पांढरे डाग राहतात. टाकीचं पाणी वापरायचं, आणि ते रात्रभर नऊ-दहा अंशांत निवलेलं असतं. हातात पाइप, पायात रबरी चपला, डोक्याला मफलर अशा थाटात हे काम मी करतो, कारण मुलाच्या मते मला पहाटे उठायची सवय आहेच. निवृत्तीनंतर छंद हवा असं सगळे म्हणतात. तो कुणी निवडायचा हे मात्र आधी ठरवून घ्यावं.

गिझरचा वाद वेगळ्या पातळीवरचा आहे. कॉलनीत बऱ्याच जणांना अजून सोलर म्हणजे पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्याच वाटतात. "तुमच्याकडे सोलर आहे, मग गिझर कशाला?" असं विचारतात. या पॅनलातून वीज येते, पाणी तापायला गिझरच लागतो. आणि गिझर लागतो पहाटे सहाला, जेव्हा पॅनल अंधारात दवाने भिजत उभे असतात. त्या वेळी वीज येते ती कंपनीच्या तारेतून. दुपारी आपण जास्तीची वीज त्याच तारेत परत सोडतो, नेट मीटर दोन्ही मोजतो आणि महिन्याअखेर घेतलेल्यातून दिलेलं वजा होतं. साध्या हिशेबात सकाळी घेतलेलं युनिट आणि दुपारी दिलेलं युनिट यांची फिटंफाट. हे मी घरात कागदावर लिहून समजावलं. कुणालाही पटलेलं नाही.

बायकोच्या मते दुपारची वीज आपली आणि पहाटेची परक्याची. म्हणून वॉशिंग मशीन दुपारी बाराला लागतं, मिक्सर दुपारी फिरतो, इस्त्री दुपारी होते. कणीक मळायचं यंत्रही दुपारीच चालतं, त्यामुळे रात्रीच्या पोळ्यांची कणीक फ्रिजमध्ये सात तास विचार करत बसते. एकदा सकाळी दहाला ढग आले तर तिने डाळ भिजवलेली असूनही इडलीचं वाटण थांबवलं. आईने तर याला धर्माचं अधिष्ठान दिलं आहे. देवाच्या अभिषेकाचं कोमट पाणी आपल्या विजेवर तापलेलं हवं. पण पूजा सकाळी आटपायला हवी, आणि आपली वीज नऊशिवाय जोर धरत नाही. यावर तोड म्हणून हिवाळ्यापुरता देवांचा नाश्ता साडेनऊला सरकला आहे. सोवळ्यातलं पाणी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. सोवळ्यातली वीज याच घरात पाहिली. माझी स्वतःची अंघोळ दुपारी साडेबाराला ठेवावी अशी सूचना आली होती. ती मी फेटाळली. पेन्शनर माणसाने दुपारपर्यंत पारोसं राहिलं की लोक प्रकृतीची चौकशी करायला येतात.

लोक येतात ते आणखी एका वेळी. भर दुपारी, लख्ख उन्हात, कॉलनीतली वीज जाते. मग कुणी चार्जर घेऊन येतं, कुणी लॅपटॉप, एक वहिनी दळणाच्या पिठाची चक्कीच उचलून आणायच्या बेतात होत्या. "तुमच्याकडे सोलर आहे ना!" आहे. पण तारेतली वीज गेली की आमचा इन्व्हर्टरही त्याच क्षणी बंद होतो. मुद्दामच तसा बनवलेला असतो. खांबावर लाइनमन चढलेला असेल आणि तार मेली आहे असं समजून हात लावेल, तर आमच्या गच्चीतली वीज उलटी जाऊन त्याचा जीव घेऊ नये म्हणून. बॅटरीवाला वेगळा संच घेतला असता तर घरापुरती वीज मिळाली असती. आमचा तो नाही. हे सगळं मी दारात उभा राहून समजावतो आणि समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत पाहत राहतो, पंखा फिरतोय का म्हणून. थंडीत पंखा तसाही बंद असतो. त्यामुळे संशय कायम राहतो.

बिलाविषयी एकदाच सांगतो: ते शून्य येत नाही. वीज वापरा न वापरा, स्थिर आकार लागतोच. बायको ते बिल हातात घेऊन दरमहा विचारते, "स्थिर म्हणजे काय?" मी सांगतो, जे जात नाही ते.

पण थंडीतली खरी आपत्ती टंचाईची नसून सुबत्तेची आहे. पंखे बंद, कूलर माळ्यावर, एसीवर चादर. घर वीज खात नाही आणि गच्ची देत राहते. उरलेली युनिटं खात्यात साचतात, पुढच्या महिन्यात जातात, आणि ३१ मार्चला त्यांचा हिशेब बंद होतो. शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे वीज कंपनी देते, पण आपण ज्या दराने विकत घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. म्हणजे आमच्या घरात आता मार्चएन्ड असतो. निवृत्तीनंतर तो चुकेल असं वाटलं होतं. खात्यात फेब्रुवारीनंतर जशी न लागणारी कपाटं खरेदी होत, तशी आमच्याकडे वीज खर्ची टाकायची घाई सुरू होते. इंडक्शनची शेगडी आली. जावई शनिवारी सिन्नरहून ई-स्कूटर चार्ज करायला येतात आणि नातवंडांना भेटल्याचं श्रेयही घेतात. सगळ्यात हाल आईचे. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, ही तिने आम्हा भावंडांना धपाटे घालून लावलेली शिस्त. तिला आता नातू सांगतो, "आजी, राहू दे चालू, युनिट वाया जातील." ती दिवा चालू ठेवते, पण खोलीतून बाहेर पडत नाही. कुणी वापरत नसताना दिवा जळलेला तिला बघवत नाही, म्हणून ती तिथेच बसून राहते.

संक्रांतीला निराळाच प्रकार. नाशिक जिल्ह्यात येवल्याचे पतंग नावाजलेले आणि त्यांचं वारं आमच्या कॉलनीपर्यंत येतं. कटलेला पतंग पॅनलवर बसला की तो पोटखराबा, आणि तो काढायला कुंपणावरून येणारी पोरं हा त्याहून मोठा. नायलॉनच्या मांजाला बंदी आहे. तरी तो आमच्या खांबांत गुंडाळलेला सापडतोच. पंचांगात उत्तरायण संक्रांतीला, आकाशात मात्र ते डिसेंबरच्या २१-२२ लाच सुरू झालेलं असतं. पॅनल पंचांग बघत नाहीत. पण त्यांनाही सुखासुखी लाभ होत नाही. दिवस मोठा व्हायला लागला तरी सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराकडेच सरकत राहतो. वाढलेली मिनिटं मिळतात ती सगळी संध्याकाळच्या टोकाला. आणि संध्याकाळच्या टोकाला अण्णांची टाकी उभी आहे. म्हणजे निसर्गाने आमच्या गटात घातलेली भरही परस्पर शेजाऱ्याच्या नावे फिरली.

अण्णा तिळगूळ घेऊन आले. गोड बोलून झालं. चहा घेताना हळूच म्हणाले, "आम्हीही बसवतोय सोलर. बघून गेला माणूस. म्हणाला, जागा उत्तम आहे, फक्त एक अडचण." मी काही विचारलं नाही. विचारायला हवंच असं नसतं. ते स्वतःच म्हणाले, "टाकीची सावली पडते हो आमच्याच पॅनलवर." मी चिवडा पुढे केला. वास्तुतज्ज्ञांना त्यांनी आग्नेय कोपरा चालेल का असं विचारलं आहे. आग्नेय कोपऱ्यातली टाकी सकाळचं ऊन अडवेल हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आधी चौथरा तर उतरवू दे. माझा नकाशा मात्र त्यांनी मागून नेला. अक्षर छान आहे म्हणून नव्हे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली, तीच तुम्हालाही सांगतो. पॅनल बसवणारी माणसं गच्ची बघायला बहुधा उन्हाळ्यात येतात, कारण बिलं तेव्हा फुगतात आणि गिऱ्हाईक तेव्हाच फोन करतं. नाशिकला वीस मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत कुठलीही गच्ची उत्तमच दिसते. शेजाऱ्याची टाकी, नारळ, जिन्याची खोली, सगळी गुण्यागोविंदाने नांदत असतात. तेव्हा सोलर घ्यायचं असेल तर ऑर्डर कधीही द्या, मोजणी डिसेंबरात करा. रविवारी सकाळी नऊला, बाराला आणि साडेतीनला गच्चीवर जा, सावली कुठवर येते ते खडूने आखा आणि त्या रेघेच्या आत पॅनल ठेवू नका. जाताना शेजाऱ्याला बरोबर न्या आणि त्याच्याकडे वास्तुतज्ज्ञ येणार आहे का, तेही विचारून घ्या.